आठवा महिना, १४५ किलो आणि कापसाची झोळी

सोनिका यादव यांचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. ऑक्टोबर २०२५, आंध्र प्रदेशात पोलिसांची अखिल भारतीय वेटलिफ्टिंग स्पर्धा. दिल्ली पोलिसांतल्या या कॉन्स्टेबल बाई सात महिन्यांच्या गरोदर, आणि डेडलिफ्ट किती? तर १४५ किलो! वर ब्राँझ मेडल. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर व्हिडिओ आला आणि तासाभरात ग्रुपचे दोन तुकडे पडले. एका बाजूला "अरे पण बाळाचं काय?"वाले. दुसऱ्या बाजूला "आपल्या आज्या शेतात काम करता करता बाळंत व्हायच्या, काही झालं का त्यांना?"वाले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात दोन वीकएंड गेले, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांची मला जरा गंमत वाटली. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईत वाढलेले आणि आजीचं शेत त्यांनी फोटोतच पाहिलेलं. मी फुलसावंगीचा. यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका. माहूर, उमरखेड आणि पुसद यांच्या मधल्या टापूत शोधलंत तर सापडेल. कापूस, सोयाबीन, तूर, पाणी असेल तिथे ऊस आणि हळद. शेतात बाळंत होणाऱ्या आज्या आमच्याकडे खरोखर होत्या. माझ्या आजीची सात बाळंतपणं झाली, त्यातली चार मुलं जगली. उरलेली तीन कशानं गेली हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आजी विचारल्यावर फक्त "ऱ्हायली नाई" एवढंच म्हणायची. तेव्हा "काही झालं का त्यांना?" या प्रश्नाचं उत्तर "हो, झालं" असंही असू शकतं, फक्त कुणी मोजलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कधी पडला नाही असं म्हणणाऱ्याने लॉगच ठेवलेला नव्हता.

असो. आता पहिला प्रश्न. शेवटच्या तीन महिन्यांत आईने दमछाक होईपर्यंत व्यायाम केला तर आत काय होतं?

आपण जोरात पळतो तेव्हा शरीर रक्त स्नायूंकडे वळवतं. पोट, आतडी वगैरे मंडळींचा वाटा कमी होतो आणि गर्भाशयाचाही होतो. निसर्गाने याची तजवीज केलेली आहे. गर्भाशयाला एरवी गरजेपेक्षा जास्त रक्त मिळतं, आणि पुरवठा थोडा घटला तरी वारेमार्फत बाळ त्यातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतं. म्हणजे थोडा बफर आहे. प्रश्न एवढाच की बफर कधी संपतो.

२०१२ साली नॉर्वेत हे थेट मोजून पाहिलं गेलं. साल्वेसेन आणि सहकाऱ्यांनी ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना, २३ ते २९ आठवडे भरलेल्या असताना, ट्रेडमिलवर पळवलं आणि गर्भाशयाच्या धमनीतला प्रवाह व बाळाचे ठोके तपासले. आईचे ठोके तिच्या कमाल ठोक्यांच्या ९० टक्क्यांच्या आत होते तोवर बाळ ठीक. त्याच्या वर गेल्यावर, आणि धमनीतला प्रवाह निम्म्याखाली आल्यावर, बाळाचे ठोके मंदावले. (९० टक्के म्हणजे किती? २२० वजा वय हा ढोबळ हिशोब धरला तर अठ्ठावीस वर्षांच्या बाईला मिनिटाला १७३ च्या आसपास. लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर चढून जाणं म्हणजे हे नव्हे.) आई थांबली तसे बाळाचे ठोके पटकन पूर्ववत झाले. सहाच बायका, त्याही जगातल्या सर्वांत फिट, त्यामुळे यावरून नियम बनवता येत नाही. पण "आई थांबली तसे" हे शब्द लक्षात ठेवा, आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

सल्लेही काळाप्रमाणे बदलत गेले आहेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये सांगितलं होतं, गरोदर बाईने ठोके १४० च्या वर जाऊ देऊ नयेत आणि जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त करू नये. १९९४ मध्ये त्यांनी १४० चा आकडा काढून टाकला. २०२० च्या सल्ल्यानुसार गुंतागुंत नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि आधीपासून जोरदार व्यायाम करणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीत तो चालू ठेवायला हरकत नाही. जेम्स क्लॅप या अमेरिकन डॉक्टरांनी पळणाऱ्या गरोदर बायकांचा बरीच वर्षं अभ्यास केला. शेवटपर्यंत जोरात व्यायाम करणाऱ्यांची बाळं वजनाने थोडी हलकी निघाली, पण फरक मुख्यतः चरबीचा होता. २०१४ मध्ये अलिशिया मोंटान्यो ३४ आठवड्यांच्या गरोदर असताना अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर पळाली. शेवटची आली आणि स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

तेव्हा "बाळाचं काय?"वाल्यांनी निवांत व्हावं. वार खाली असणं, वाढलेला रक्तदाब, टाके घातलेलं गर्भाशयाचं तोंड, रक्तस्राव यातलं काही नसेल, डॉक्टरांनी तपासलेलं असेल, तर आठव्या महिन्यात भराभर चालणारी, पोहणारी, योगासनं करणारी बाई बाळाचं नुकसान करत नाहीये. उलट दहा-दहा तास खुर्चीत बसून स्टँडअप कॉल, तिथूनच जेवण, मग परत खुर्ची, या आपल्या दिनक्रमात वजन आणि साखर वाढण्याचाच धोका मोठा. "आता पलंगावरून उतरू नकोस हं" म्हणणाऱ्या सासवांनीही हे वाचावं. आणि बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला की समजायचं, पुरे. चक्कर, छातीत दुखणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा.

इथे लेख संपवला असता तर ग्रुपवर बरेच लाइक्स मिळाले असते. :-)

पण हे सगळे अभ्यास ज्यांच्यावर झाले त्या बायका पोटभर जेवणाऱ्या होत्या. आपल्याकडचा अभ्यास सापडला तो आपल्या ऑफिसपासून फार लांबचा नाही. केईएम रुग्णालयाच्या पुण्यातल्या संशोधन केंद्राने १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी. भारतीय बाळं दिसायला हडकुळी पण आतून चरबी धरलेली असतात हा त्यांचा निष्कर्ष पुढे जगभर गाजला. त्याच अभ्यासातला एक पेपर २००३ मध्ये आला, आघारकर संस्थेच्या शोभा राव यांचा, आणि त्याबद्दल मात्र फार कोणी बोलत नाही. विषय होता आईचे कष्ट आणि बाळाचं जन्मवजन.

त्यांनी काय केलं ते मला इंजिनिअर म्हणून फार आवडलं. परदेशी प्रश्नावली इथे आणून लादली नाही. आधी बायकांशी गटात बसून बोलले, त्या दिवसभर नेमकं काय काय करतात ते समजून घेतलं, त्यावरून प्रश्नावली बनवली, मग माणूस बसवून दिवसभराची नोंद ठेवली आणि प्रश्नावली खरं बोलते का ते ताडून पाहिलं. म्हणजे आधी रिक्वायरमेंट, मग टेस्टिंग. आपल्या अर्ध्या प्रोजेक्टांत एवढं होत नाही. ७९७ बायकांची अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात नोंद झाली.

निष्कर्ष असा, की ज्यांचे कष्ट जास्त त्यांचं गरोदरपणातलं वजन कमी वाढलं आणि त्यांची बाळं लहान जन्मली. वजन कमी, डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी. जास्त कष्ट करणाऱ्या बाया मुळात गरीब आणि कमी खाणाऱ्या असतील, त्यामुळेच हे दिसलं असेल, अशी शंका कोणालाही येईल. पण आईचं आधीचं वजन, तिचा आहार, कितवं मूल, किती आठवडे भरले, हे सगळं वजा करूनही फरक उरला. आणि सुट्या कामांत नावानिशी पुढे आलेली दोन कामं कोणती? विहिरीवरून पाणी आणणं आणि कपडे धुणं. ना डेडलिफ्ट, ना ट्रेडमिल. शेवटच्या महिन्याची मोजणी यात नाही हे खरं. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ साधारण एक किलोचं असतं आणि पूर्ण दिवसांचं होईतो तिनाच्या आसपास जायला हवं. म्हणजे वजनाचा मोठा हिस्सा त्यानंतरच भरायचा असतो, आणि गावात विहीर आठव्या महिन्यानंतर जवळ येत नाही.

या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं ४२ किलोंच्या आसपास आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातला दिवसाचा आहार साधारण १,७०० कॅलरी. आयसीएमआरने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जड काम करणाऱ्या बाईला २,७२० कॅलरी लागतात, गरोदरपणात आणखी ३५०. तो हिशोब ५५ किलोंच्या बाईचा आहे, ४२ किलोंच्या बाईला कमी पुरेल हे मान्य. पण दरी कितीही कमी केली तरी दरीच राहते. नॉर्वेच्या खेळाडूचं बाळ काही मिनिटांच्या पीक लोडमधून गेलं आणि सावरलं. इथे लोड तेवढा चढत नाही, पण तो सकाळी पाचला सुरू होतो आणि रात्री भांडी घासून झाली की संपतो. तूट भरायला मध्ये वेळच नाही. ती भरली जाते बाळाच्या वाट्यातून.

गांबियातही असंच दिसलं होतं. तिथल्या ग्रामीण गरोदर बायकांना रोज जादा उष्मांकाची बिस्किटं दिली, त्याचे निकाल १९९७ मध्ये आले. बाळांचं वजन सरासरी १३६ ग्रॅमनी वाढलं. पण सुगीनंतरच्या बऱ्या दिवसांत वाढ ९४ ग्रॅमची, आणि ज्या महिन्यांत घरातलं धान्य संपलेलं असतं अन् शेतीची कामं ऐन भरात असतात त्या दिवसांत २०१ ग्रॅमची. कष्ट आणि भूक एकदम येतात तेव्हा बाळाचं किती जातं याचा यापेक्षा सरळ पुरावा मला सापडला नाही. २०२२ मध्ये त्याच देशात शेतात काम करणाऱ्या ९२ गरोदर बायकांवर झालेल्या अभ्यासात उन्हाचा ताण वाढला तसा बाळावरचा ताणही वाढलेला दिसला. आमच्याकडे दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते तेव्हा ऑक्टोबर हीट असते, आणि शेतात आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात.

आता वेचणीबद्दल. शहरातल्या मित्रांना वाटतं कापूस वेचणं म्हणजे फुलं तोडण्यासारखं हलकं काम. कमरेला झोळी बांधायची, वाकून वेचत जायचं, झोळी भरत जाते तशी कंबर ओढत जाते. गरोदर बाईच्या पोटाखाली ती झोळी कशी बसत असेल, कल्पना करा. संध्याकाळी काट्यावर वजन आणि किलोमागे दहा-बारा रुपये. तीसेक किलो वेचला तर तीन-साडेतीनशे. दुपारी तासभर झाडाखाली टेकलं तर तेवढा कापूस कमी. उसाला जाणाऱ्यांची गत याहून वाईट. आमच्या भागातल्या तांड्यांवरून जोड्या तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस पडून राहिलं तर मुकादम खाडा धरतो. ३०-४० किलोंची मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या शिडीवर चढायचं. सोनिकाताईंनी १४५ किलो उचलले आणि बार खाली ठेवला. मोळी खाली ठेवण्याची वेळ मुकादम ठरवतो.

म्हणून "आपल्या आज्या..." हा दाखला मला चालत नाही, आणि सोनिका यादव यांचा व्हिडिओ दाखवून "बघा, गरोदर बाई काहीही करू शकते" म्हणणंही चालत नाही. त्या प्रशिक्षित खेळाडू आहेत, त्यांच्या स्नायूंना त्या वजनाची सवय आहे, त्यांना दवाखाना आहे, जेवण आहे, आणि बरं वाटत नसेल तर नाही म्हणण्याची सोय आहे. नॉर्वेतल्या बाळाचे ठोके सावरले कारण आई थांबली. थांबण्याची किंमत जिला परवडत नाही तिच्या कष्टाला व्यायाम म्हणणं हा चावटपणा आहे.

किंमत किती ते तरी पाहू. माझी एक चुलत वहिनी सध्या आठव्या महिन्यात आहे आणि वेचणीला जाते. दुसरी खेप. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा उद्देशच मुळी बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई आणि आईला विश्रांती हा आहे. पहिल्या मुलाच्या वेळी ५,००० रुपये. त्यातले ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, म्हणजे बाळंतपणाआधी मिळू शकतात. उरलेले २,००० बाळाची जन्मनोंदणी आणि लसींचा पहिला टप्पा झाल्यावर. तीन हजार म्हणजे वेचणीचे नऊ-दहा दिवस. शेवटची तिमाही नव्वद दिवसांची असते. आणि दुसऱ्या खेपेला? ६,००० रुपये, पण मुलगी झाली तरच, म्हणजे अर्थातच जन्मानंतर. मुलींचा जन्म वाढावा हा हेतू चांगला आहे, वाद नाही. पण वहिनीच्या पोटात मुलगा आहे की मुलगी हे तिला माहीत नाही, माहीत करून घेणं गुन्हा आहे, आणि आठव्या महिन्यात घरी बसण्यासाठी तिच्या हातात या योजनेतून येतात शून्य रुपये. विश्रांतीचे पैसे विश्रांतीची वेळ टळून गेल्यावर! अशी रिलीज आपण क्लायंटला दिली तर क्लायंट काय म्हणेल?

दुसरीकडे आपण. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात लिहिलेलं होतं, की बाईने सांगितल्यावर बाळंतपणाआधीच्या साधारण दहा आठवड्यांत तिला कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येणार नाही. २०१७ मध्ये भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सगळं घेतलं गेलं. कायदा उत्तम आहे, आणि तो लाभतो कुणाला तर माझ्या टीममधल्या, एसीत बसून काम करणाऱ्या मैत्रिणीला. तिला मिळतंय ते मिळायलाच हवं, त्यातला एक दिवसही कमी करू नका. पण "कष्टाचं काम" हे शब्द ज्यांना बघून लिहावेत त्यांना मालकच नाही. आज या शेतात, उद्या त्या.

माझ्या मते यावर गर्भसंस्काराच्या वर्गांनी किंवा जागृतीच्या पोस्टरांनी काही होणार नाही. वहिनीला विश्रांती घ्यावी हे माहीत आहे, अंगणवाडीताई दर वेळी सांगते. पैसे सातव्या, आठव्या आणि नवव्या महिन्यात दरमहा मिळायला हवेत, कितवीही खेप असो, आणि रक्कम निदान त्या भागातल्या मजुरीशी जोडलेली हवी. अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ सालीच किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ लिहिला गेला होता. तेव्हापासून मजुरी कुठल्या कुठे गेली, हा आकडा तिथेच. आणि जिथे घरात नळ नाही तिथे नळाचं काम हे पाणीपुरवठ्याइतकंच बाळाच्या वजनाचंही काम आहे, हे तर पुण्याच्या त्या पेपरात वीस वर्षांपूर्वी छापून आलंय.

सरकारला हे सुचेपर्यंत काय? आमच्याही शेतात वेचायला बाया येतात. गेल्या रविवारी फोनवर मी बाबांना म्हटलं, सातव्या महिन्याच्या पुढची बाई असेल तर तिला काट्यावर बसवा, वजनं लिहू द्या, आणि रोज किलोच्या हिशोबाने पडते तेवढीच मजुरी द्या. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं हाय रे, पण काटा एक आन् बाया दोन असल्या तं? आन् बाकीच्या म्हनतीन, हिले बसून पैशे अन् आमाले वाकून." मागून आई ओरडली, "तीन महिन्याचाच तं प्रश्न हाय, लिहू द्या दोघीले." पुढच्या वेचणीला अजून आठवडा आहे. वाद चालू आहे.